शाळकरी मुलांतील जंत : गोळी आणि गोळीनंतर

(प्राथमिक शिक्षकांच्या केंद्रसंमेलनातील व्याख्यान)



आवणीचे दिवस आहेत. मुरबाड किंवा शहापूर तालुक्यातील एखाद्या पाड्यावरची शाळा क्षणभर डोळ्यांपुढे आणावी. बाहेर पाऊस कोसळत आहे, पायरीवर चिखलाने माखलेल्या चपला पडल्या आहेत आणि आत पाढे चालले आहेत. भिंतीला टेकून बसलेला एक मुलगा पाढे म्हणतो खरा. परंतु त्याचा आवाज इतरांच्या मागे रेंगाळतो. खेळाच्या तासाला तो थोडेसे धावतो आणि खाली बसतो. त्याचे ओठ फिकट आहेत, हातपाय काटकुळे आहेत आणि पोट मात्र पुढे आले आहे. प्रगतिपुस्तकात त्याच्या नावापुढे ‘अभ्यासात लक्ष नाही’ असा शेरा पडतो. शेरा लिहिणाऱ्या शिक्षकाचा हेतू वाईट नसतो. जे डोळ्यांना दिसते तेच तो लिहितो. पण शेरा असतो मुलाच्या मनाविषयी आणि त्याचे कारण कित्येकदा दडलेले असते त्याच्या आतड्यात.

प्रत्येक फिकट मुलाच्या पोटात जंत असतातच असे नव्हे. अपुरे अन्न, हिवताप, जन्मजात रक्तदोष अशी दुसरीही कारणे असतात आणि ती शोधणे हे वैद्यांचे काम आहे. तथापि, जंत हे एक असे कारण आहे की ज्यावर स्वस्त औषध आहे आणि ज्याची वाट अडविणे शाळेच्या आवाक्यात आहे. म्हणूनच प्राथमिक शिक्षकाने या विषयाचा नीट परिचय करून घेणे अगत्याचे ठरते.

प्रथम एक शब्द स्वच्छ करावयास हवा. वर्गात ‘जंतू’ आणि ‘जंत’ हे दोन शब्द पुष्कळदा एकच समजून वापरले जातात. जंतू म्हणजे डोळ्यांना न दिसणारे सूक्ष्म जीव. ते शरीरात शिरले म्हणजे तेथेच आपली संख्या भराभर वाढवितात. जंत म्हणजे कृमी. पूर्ण वाढलेले जंत बहुधा डोळ्यांना दिसतात. आणि मुख्य गोष्ट अशी की, मोठा गोल जंत, चाबूककृमी व अंकुशकृमी हे आपल्याकडचे नेहमीचे तीन जंत माणसाच्या पोटात राहून आपली संख्या वाढवू शकत नाहीत. ते पोटात अंडी घालतात. पण ती अंडी शौचावाटे बाहेर पडून काही काळ मातीत राहिल्यावाचून त्यांच्यापासून नवा जंत तयार होत नाही. म्हणजेच, मुलाच्या पोटात दहा जंत असतील, तर ते दहाही जंत बाहेरूनच आत आलेले असतात. ही एक गोष्ट ध्यानात आली की सारा विषय उलगडतो. जंत हा दिसावयास पोटाचा विकार आहे. परंतु त्याचे मूळ अंगणात आहे.

आता या प्रत्येकाची वाट पाहू.

मोठा गोल जंत गांडुळाएवढा, किंबहुना त्याहूनही लांब असतो. त्याची मादी वीतभर ते हातभर वाढते व दिवसाला सुमारे २ लाख अंडी घालते. उघड्यावर शौच झाले की ही अंडी मातीत मिसळतात. उबदार, ओलसर, सावलीच्या मातीत दोन ते चार आठवड्यांत ती बाधा करण्याजोगी होतात आणि अनुकूल माती मिळाल्यास वर्षानुवर्षे जिवंत राहतात. मातीत खेळलेल्या हातांनी, न धुतलेल्या काकडी-मुळ्याबरोबर किंवा दूषित पाण्यातून ती तोंडात जातात. आतड्यात अंडे फुटले की अळी रक्तातून यकृतात, तेथून फुप्फुसात जाते, खोकल्याबरोबर घशाशी येते आणि गिळली जाऊन पुन्हा आतड्यात उतरते. या सर्व प्रवासास दोन ते तीन महिने लागतात. एखाद्या लहान मुलाच्या पोटात अशा जंतांचा गुंता झाला तर आतडे अडते आणि शस्त्रक्रियेची पाळी येते.

चाबूककृमी तीन ते पाच सेंटिमीटर लांबीचा असतो. त्याचे पुढचे अर्धेअधिक अंग धाग्यासारखे बारीक व मागचे जाड असते. त्याचीही वाट हीच : शौचातून मातीत, मातीतून हातावर, हातावरून तोंडात. त्याची बाधा फार झाली तर मुलास आव पडते व त्याची वाढ खुंटते.

अंकुशकृमीची रीत मात्र निराळी आहे. तो जेमतेम सेंटिमीटरभर लांब असतो. त्याची अंडी मातीत एक-दोन दिवसांत फुटतात आणि पाच ते दहा दिवसांत त्यांतील अळ्या बाधा करण्यास समर्थ होतात. या अळ्यांना तोंडाची वाट लागत नाही. अनवाणी पाऊल पडले की त्या तळपायाच्या किंवा बोटांच्या बेचक्यांतील कातडीतून थेट शरीरात शिरतात. तेथे काही दिवस खाज सुटते आणि ‘चिखल्या झाल्या’ म्हणून तिकडे दुर्लक्ष केले जाते. हा शोध लागला तोही एका अपघातानेच. आर्थर लूस हा जर्मन शास्त्रज्ञ इजिप्तमध्ये काम करीत असता अळ्यांचे पाणी त्याच्या हातावर सांडले. त्या जागी खाज सुटली आणि पुढे त्याच्या स्वतःच्या शौचात अंकुशकृमीची अंडी आढळली. ही हकीकत १८९०–१९०० या दशकातील आहे. आतड्यात पोहोचलेला हा कृमी भिंतीला चावून धरतो व रक्त पितो. एका कृमीने प्यालेले रक्त थेंबाएवढेच असते. परंतु कृमी शंभर असतील आणि ते महिनोन्‌महिने पीत राहिले, तर भाकरी-भाजीतून मिळणारे लोह त्या मुलाला कसे पुरावे? फिकट ओठ, धाप आणि मरगळ यांचा उगम येथे असतो. हीच बाधा गरोदर स्त्रीस झाली तर तिचे व पोटातील बाळाचे, दोघांचेही नुकसान होते.

चौथे ते सुतासारखे बारीक पांढरे जंत. पूर्वीच्या तिघांप्रमाणे यांना मातीत मुरण्याची गरज नसते. यांची मादी रात्री गुदद्वाराशी अंडी घालते, मूल झोपेत खाजविते, अंडी नखांत अडकतात आणि काही तासांतच तोंडात जाण्यास तयार होतात. म्हणून हे जंत चकचकीत फरशीच्या घरातही असतात आणि एका मुलापासून सबंध घराला होतात. डोंबिवलीच्या इमारतीतील मूल यातून सुटले आहे असे कोणी समजू नये.

ठाणे जिल्ह्याचे स्वरूप पाहिले तर या चारही वाटा येथे एकमेकींत मिसळलेल्या दिसतात. २०१४ साली पालघर जिल्हा वेगळा झाला. त्यानंतर शहापूर, मुरबाड, भिवंडी, कल्याण व अंबरनाथ या पाच पंचायत समित्यांच्या क्षेत्रात जिल्हा परिषदेच्या शाळा आहेत. एका टोकाला भातशेतीची गावे व आदिवासी पाडे, तर दुसऱ्या टोकाला कल्याण-डोंबिवलीची दाट वस्ती, चाळी आणि झोपड्या. चार महिने पाऊस, त्यानंतर ओल धरून राहणारी माती आणि बाराही महिने उबदार हवा. कृमीच्या अंड्यांना याहून निराळे काय हवे असते? गावाकडे बांधाच्या कडेची किंवा झाडाखालची शौचाची जागा आणि आवणीला अनवाणी उतरणारी पावले, ही अंकुशकृमीची सोय होय. शहराकडे अनेक कुटुंबांत मिळून एक शौचालय, तुंबलेली गटारे आणि सांडपाण्यावर वाढविलेली पालेभाजी, ही मोठ्या जंताची सोय होय. त्यात पुराची भर पडते. २६ जुलै २००५ रोजी उल्हास नदीचे पाणी कल्याण-बदलापूर परिसरात शिरले, तेव्हा गटार, शौचालय व अंगण यांतील अंतरच नाहीसे झाले. एरवीही सखल वस्तीत दर पावसाळ्यात हा प्रकार लहान प्रमाणावर घडतच असतो.

येथे एका गैरसमजाचा उल्लेख अवश्य केला पाहिजे. ‘आम्ही शाकाहारी, आम्हास पट्टकृमीची भीती नाही’ असे पुष्कळांना वाटते. डुकराच्या कच्च्या मांसातून मोठा पट्टकृमी पोटात होतो हे खरे. परंतु ज्याच्या पोटात तो कृमी आहे, त्याच्या शौचातील अंडी न धुतलेल्या भाजीतून किंवा हातांतून दुसऱ्याच्या पोटात गेली, तर त्यांतील अळ्या मेंदूपर्यंत पोहोचून तेथे गाठी करतात व त्यामुळे फिट्स येतात. असे मांस कधीही न खाणाऱ्या माणसासही हे घडू शकते. वर्गात मुलास फिट आली तर कांदा किंवा चप्पल हुंगविण्यात वेळ न दवडता, त्यास कुशीवर वळवून सुरक्षित ठेवावे आणि दवाखान्याची वाट धरावी, हे सांगण्याचे हेही एक कारण आहे.

पालकांच्या बोलण्यात आणखी दोन समजुती वारंवार येतात. गूळसाखर खाल्ल्याने जंत होतात ही पहिली, आणि झोपेत दात खाणे हे जंतांचे लक्षण होय ही दुसरी. गोड पदार्थांतून जंत जन्मास येत नाहीत; गोड खाताना न धुतलेला हात तोंडात जातो, एवढाच त्यातला तथ्यांश. दात खाणाऱ्या मुलांत जंत असतीलही, पण त्यावरून निदान करता येत नाही. मुलाचा गूळ बंद करणारी माता मनाने दक्षच असते. तिला हसू नये. तिची दक्षता गुळावरून हातांकडे वळविली म्हणजे झाले.

आता गोळीविषयी. १० फेब्रुवारी २०१५ रोजी राष्ट्रीय जंतनाशक दिनाचा आरंभ झाला. पहिल्या टप्प्यात जी ११ राज्ये व केंद्रशासित प्रदेश होते त्यांत महाराष्ट्रही होता. १ ते १९ वर्षे वयाच्या मुलांना शाळा व अंगणवाडीत अल्बेंडाझोलची गोळी विनामूल्य देण्यात येते. १० फेब्रुवारी व १० ऑगस्ट हे मूळ ठरलेले दिवस. स्थानिक सोयीनुसार ते पुढेमागे होतात. गैरहजर मुलांसाठी त्यानंतर काही दिवसांनी दुसरा दिवस ठेवलेला असतो. पूर्ण गोळी ४०० मिलिग्रॅमची असते. २ वर्षांवरील मुलांना ती पूर्ण द्यावयाची; ३ वर्षांपर्यंतच्या बालकास पूड करून पाण्यातून, आणि त्याहून मोठ्या मुलांना चावून खाण्यास लावावयाची. १ ते २ वर्षांच्या बालकास अर्धी गोळी पूड करून पाण्यातून द्यावयाची. सबंध गोळी गिळावयास सांगू नये, कारण ती घशात अडकण्याचे भय असते. जे मूल त्या दिवशी आजारी आहे किंवा दुसरे औषध घेत आहे, त्यास गोळी न देता आरोग्यसेविकेस कळवावे. ज्याच्या पोटात जंत फार आहेत त्यास गोळीनंतर मळमळ, पोटदुखी किंवा सौम्य चक्कर येऊ शकते. त्यास सावलीत विश्रांती व पाणी द्यावे. त्रास वाढल्यास प्राथमिक आरोग्य केंद्राशी संपर्क साधावा. गोळी शिक्षकाच्या समक्ष खाल्ली गेली पाहिजे. ‘घरी जाऊन खा’ म्हणून हातात दिलेली गोळी बहुधा दप्तरात राहते.

ही गोळी निर्धोक आहे, स्वस्त आहे व उपयोगी आहे. परंतु तिच्याकडून अपेक्षा किती करावयाची हेही प्रांजळपणे समजून घेतले पाहिजे. एका मात्रेने मोठा जंत बहुधा जातो, अंकुशकृमी पुष्कळ अंशी जातो, चाबूककृमी मात्र बराचसा टिकून राहतो. शिवाय गोळी आज पोटात असलेले जंत मारते. उद्या येणाऱ्यास ती अडवीत नाही. निरनिराळ्या देशांतील पाहण्यांवरून असे दिसून आले आहे की, परिसर तसाच राहिला तर गोळीनंतर साधारण वर्षभरात मोठ्या जंताचे प्रमाण जवळजवळ पूर्वपदावर येते. उत्तर प्रदेशात सुमारे १० लाख लहान बालकांवर पाच वर्षे चाललेल्या एका मोठ्या प्रयोगाचे निष्कर्ष २०१३ साली प्रसिद्ध झाले. ज्या भागात जंतांची बाधा मुळातच हलकी होती तेथे केवळ नियमित गोळीने बालकांच्या मृत्यूत वा वजनात फारसा फरक पडला नाही, असे त्यांत आढळले. यावरून गोळी निरर्थक ठरत नाही. ज्याच्या पोटात जंतांचे ओझे जड आहे त्याला तिचा लाभ निश्चित होतो. मात्र गोळी वाटली, नोंद केली, अहवाल पाठविला, आता काम संपले, असे मानणे चुकीचे ठरते एवढे त्यावरून नक्की कळते.

अहवालातील एका रिकाम्या जागेकडेही लक्ष वेधणे भाग आहे. भात कापून झाले की शहापूर-मुरबाडकडील कित्येक कातकरी व अन्य आदिवासी कुटुंबे वीटभट्ट्यांवर कामास जातात. त्यांची मुलेही त्यांच्याबरोबर भिवंडी-कल्याण परिसरातील भट्ट्यांवर चिखलमातीत वाढतात आणि पावसाच्या तोंडावर परततात. फेब्रुवारीची गोळी जेव्हा गावच्या शाळेत वाटली जाते, तेव्हा ही मुले तेथे नसतात. आणि भट्टीजवळच्या शाळेच्या पटावर त्यांचे नाव असतेच असे नाही. ज्यांना गोळीची गरज सर्वांत अधिक, तीच मुले तिला मुकण्याचा संभव सर्वांत अधिक. हंगामी स्थलांतर करणाऱ्या मुलांसाठी शिक्षण हमी पत्रकाची पद्धत आहेच. गाव सोडताना देण्यात येणाऱ्या त्या पत्रकाबरोबर ‘शेवटची जंतनाशक गोळी अमुक तारखेस दिली’ अशी एक ओळ लिहून दिली, आणि भट्टीजवळच्या शाळेने गोळीच्या दिवशी पटाबाहेरील मुलांनाही हाक मारून आणले, तर ही रिकामी जागा बऱ्याच अंशी भरून निघेल. त्यास नव्या आदेशाची वाट पाहावयास नको.

‘परिसर बदलणे हे शिक्षकाच्या हातचे काम आहे काय?’ असा प्रश्न कोणी विचारील. त्याचे उत्तर महाराष्ट्राच्याच अनुभवात आहे, आणि ते उत्तर म्हणजे नारू.

आज वर्गातील मुलांना नारू हा शब्दही ठाऊक नसतो. त्यांच्या आजोबांना मात्र तो चांगला ठाऊक होता. पायऱ्यांच्या विहिरीत उतरून पाणी भरावयाचे, त्या पाण्यातील सायक्लॉप्स नावाच्या बारीक जलकीटकांबरोबर नारूची अळी पोटात जावयाची आणि वर्षभराने पायावर फोड येऊन त्यातून हातभर लांबीचा दोऱ्यासारखा कृमी बाहेर पडावयाचा. तो काडीला गुंडाळून रोज थोडा थोडा ओढीत बसणे हाच उपाय होता. आग शमावी म्हणून रोगी तो पाय विहिरीच्या पाण्यात बुडवी, आणि त्याच पाण्यात नव्या अळ्या सुटत. या रोगावर नाव घेण्यासारखे औषध नव्हते आणि लसही नव्हती. जलकीटकांवाटे रोग होतो हे मुंबईत परळच्या प्रयोगशाळेत तुरखूड आदी संशोधकांनी विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकातच अभ्यासिले होते. तरीही रोग पुढे कित्येक दशके राहिला. कारण प्रयोगशाळेतले ज्ञान पाणवठ्यावर पोहोचले नव्हते.

१९८३–८४ मध्ये देशात नारू निर्मूलनाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, तेव्हा महाराष्ट्रासह सात राज्यांत मिळून वर्षाकाठी सुमारे ४० हजार रोगी आढळत होते. कार्यक्रमाची साधने अगदी साधी होती : पाणी दुहेरी फडक्यातून गाळून घेणे, पायऱ्यांच्या विहिरींना कठडे बांधून त्या पोहऱ्याने पाणी काढण्याजोग्या करणे, हातपंप बसविणे, पाण्यात औषध टाकणे आणि फोड आलेल्या माणसास पाण्यात उतरू न देणे. गावोगाव ही गोष्ट सांगत फिरावे लागले. जुलै १९९६ मध्ये राजस्थानातील जोधपूर जिल्ह्यात देशातील शेवटचा रोगी आढळला आणि फेब्रुवारी २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त झाल्याचे प्रमाणित केले. ज्या कृमीवर औषध नव्हते तो केवळ वाट अडविल्याने गेला. ज्या कृमींवर औषध आहे ते मात्र अद्याप राहिले आहेत. या दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवून शिक्षकाने विचार करावा.

शाळा या कामी काय करू शकते, याचे उदाहरण जपानने घालून दिले आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर तेथील निम्म्याहून अधिक लोकांच्या पोटात मोठे जंत होते, कारण शेतांना मानवी विष्ठेचे खत घालण्याची तेथे जुनी चाल होती. शाळांतून मुलांच्या शौचाची नियमित तपासणी, बाधा झालेल्यांस औषध, त्याच जोडीला शौचालये व खताच्या पद्धतीत बदल, अशी सर्वांगीण मोहीम तेथे राबविली गेली. १९५८ च्या शालेय आरोग्य कायद्याने अशा तपासणीस आधार दिला. काही दशकांतच जंत इतके दुर्मीळ झाले की, २०१६ पासून शाळांतील ती सक्तीची तपासणी बंद करण्यात आली. गोळी आणि शौचालय ही दोन्ही चाके तेथे एकदम चालली.

ही दृष्टी भारताला नवी नाही. चरकसंहितेत कृमींचे वीस प्रकार सांगून त्यांवर तीन प्रकारची चिकित्सा दिली आहे : अपकर्षण म्हणजे कृमी बाहेर काढणे, प्रकृतिविघात म्हणजे त्यांना पोषक अशी स्थिती नष्ट करणे, आणि निदानपरिवर्जन म्हणजे मूळ कारणच टाळणे. बाळगुटीतील वावडिंग घराघरांत लक्षात राहिले; निदानपरिवर्जन मात्र विसरले गेले. संत गाडगेबाबांनी हातात खराटा घेऊन गावोगाव जे शिकविले ते याहून निराळे नव्हते. २०००–०१ मध्ये महाराष्ट्रात त्यांच्या नावाने ग्रामस्वच्छता अभियान सुरू झाले, तर २ ऑक्टोबर २०१४ पासून स्वच्छ भारत अभियानाने घरोघरी शौचालयांची मोहीम देशभर नेली. शौचालय बांधणे हे शासनाचे काम होय. त्याचा वापर अंगवळणी पाडणे हे शिक्षणाचे काम होय.

तेव्हा शाळेत प्रत्यक्ष काय करता येईल? पुढील गोष्टींना फारसा खर्च नाही. सातत्य मात्र हवे.

पहिली गोष्ट पायरीवरच्या चपलांची. वर्गात चपला बाहेर काढून येण्याची रीत चांगली आहे. परंतु मधल्या सुटीत मूल वर्गातून अनवाणी निघते आणि तसेच शौचालयात जाऊन येते. ज्या एका जागी चप्पल पायात हवी, नेमक्या त्याच जागी ती नसते. शौचालयाच्या दाराशी दोन-तीन जोड सामायिक रबरी चपला ठेवाव्यात, त्या रोज धुवाव्यात आणि त्या घातल्याशिवाय आत जावयाचे नाही असा नियम मुलांकडूनच पाळून घ्यावा.

दुसरी गोष्ट हात धुण्याच्या वेळेची. जेवणानंतर हात धुण्याची रीत मराठी घरांत पक्की मुरलेली आहे. जेवणापूर्वी मात्र नुसते बोटांवर पाणी घेतले जाते. जंताचे अंडे चिकट असते, नुसत्या पाण्याने ते सुटत नाही. मध्यान्ह भोजनापूर्वी व शौचानंतर साबणाने हात चोळून धुणे हा शाळेच्या वेळापत्रकाचा भाग झाला पाहिजे. नळाशी जाळीत बांधून साबण टांगला म्हणजे तो मातीत पडत नाही व हरवतही नाही. खिचडी शिजली, पंगत बसली आणि नळाला पाणी नाही, अशी शाळा असेल तर पिंपाला तोटी बसवावी व ते सकाळीच भरून ठेवावे.

तिसरी गोष्ट नखांची. दर सोमवारी परिपाठाच्या वेळी नखे पाहण्याची जुनी चाल पुष्कळ शाळांत मंदावली आहे. ती पुन्हा सुरू करावी. मात्र नखे वाढलेल्या मुलास वर्गापुढे उभे करून लाजवू नये. शाळेत एक नखकात्री ठेवावी आणि तेथेच नखे काढून द्यावीत.

चौथी गोष्ट पाठाची. ‘स्वच्छता राखा’ हे वाक्य फळ्यावर लिहून मुले बदलत नाहीत. एका मुलाच्या हाताला थोडे तेल लावून त्यावर रांगोळीचा रंग भुरभुरावा व त्यास नेहमीप्रमाणे तासभर वावरू द्यावे. तासानंतर तो रंग कोणाकोणाच्या हातावर, पाटीवर, ओठांवर गेला हे मुलांनीच शोधावे. मग प्रथम नुसत्या पाण्याने व नंतर साबणाने हात धुवून फरक पाहावा. जंतांची वाट एवढ्या एका तासात मुलांना कळते आणि ते घरी जाऊन सांगतात.

पाचवी गोष्ट पालकांची. पालकसभेत दोन-तीन नेमक्या गोष्टी सांगाव्यात. पालेभाजी व कच्ची खाण्याची भाजी वाहत्या पाण्यात चोळून धुवावी. पाण्याविषयी शंका असेल तेव्हा ते उकळून प्यावे, कारण नेहमीच्या मात्रेतील क्लोरीनने जंताची अंडी मरत नाहीत. दोन खड्ड्यांच्या शौचालयाचा भरलेला खड्डा दीड-दोन वर्षे बंद राहिल्याशिवाय त्यातील खत शेतात घालू नये. लहान बाळाचे शौच निरुपद्रवी असते ही समजूत खोटी आहे. तेही शौचालयातच टाकावे. आणि एका मुलास सुताजंत झाले तर वैद्यांच्या सल्ल्याने सर्व घराने एकाच वेळी औषध घ्यावे व अंथरूण-पांघरूण धुवून उन्हात घालावे.

सहावी गोष्ट स्वतः शिक्षकाची. मुलास बजावून शिक्षकाने पंगतीत हात न धुता बसावे, हे मुलांच्या नजरेतून सुटत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे जगात सुमारे १५० कोटी माणसांना मातीतून होणाऱ्या जंतांची बाधा आहे. एवढा मोठा आकडा ऐकला की एका शाळेने काय होणार असे वाटते. परंतु जंत कोट्यवधींच्या हिशेबाने फिरत नाहीत. ते एका अंगणातून एका हातावर आणि एका हातावरून एका तोंडात जातात. तेवढेच अंतर शाळेने तोडावयाचे आहे.

भिंतीला टेकून बसलेल्या त्या मुलाकडे शेवटी पुन्हा वळावयास हवे. पुढच्या वेळी त्याच्या प्रगतिपुस्तकात शेरा लिहिताना शिक्षकाने क्षणभर लेखणी थांबवावी. त्यास गोळी मिळाली होती काय? त्या दिवशी तो भट्टीवर तर नव्हता? त्याच्या पायात चप्पल असते काय? त्याचे रक्त तपासले गेले आहे काय? या चार प्रश्नांची उत्तरे मिळेपर्यंत ‘लक्ष नाही’ हा शेरा राखून ठेवावा. कदाचित लक्ष त्याचे नसेल असे नव्हे, तर त्याच्याकडे द्यावयाचे राहून गेलेले असेल.